सिंदखेडचे जाधवराव

मध्ययुगात इंग्लंडातील ‘नाइट’ राजाकडून जमीन घेई व बदल्यात तरवार वाही. आपल्या मुलुखात सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे त्याच कोटीचे पुरुष. निजामशाहीचे ते बडे सरदार. त्यांची कन्या जिजाबाई मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे यांस दिली होती.

एकदा दरबार सुटताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला. त्यावरून जाधव व भोसले या सोयऱ्यांतच तरवारी उपसल्या गेल्या. लखुजींचे पुत्र दत्ताजी पडले. शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजीही पडले. पुढे जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व रघुजी आणि नातू यशवंतराव यांस निजामशहाच्या दरबारी दग्याने मारण्यात आले.

जुने वैर विसरून शहाजीराजांनी सासऱ्याच्या या हत्येनंतर निजामशाही सोडली. जिजाबाई तेव्हा गर्भवती होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीस शिवरायांचा जन्म झाला.

आमच्या नार्नूरकडेही बांधाच्या वादातून सोयरे तुटतात. अशा वेळी दोन घरांमध्ये उभ्या असलेल्या लेकीचे दुःख कोण पाहतो? वाचकहो, तिच्यासाठी तरी भांडण उंबऱ्याबाहेर ठेवू या.