कोयना खोऱ्यात जमीन का हलते? धरण, भूकंप आणि आपलं घर

पाटण : कोयना खोऱ्यात रात्री भांडी वाजली की सकाळी टपरीवर एकच प्रश्न असतो, "किती रिश्टरचा होता?" धक्का सौम्य असला तरी जुन्या माणसांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवते. सव्वाचारच्या सुमारास ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. कोयनानगर परिसरात घरं जमीनदोस्त झाली, धरणाच्या भिंतीलाही तडे गेले. ती नंतर मजबूत करण्यात आली.

धरणाचा संबंध काय?

भूकंपाला लागणारा ताण धरणानं तयार केलेला नाही. सह्याद्रीच्या काळ्या खडकाखाली जुन्या भेगा आहेत आणि त्यांवर तो आधीपासूनच आहे. १९६२ च्या सुमारास जलाशयात पाणी साठू लागलं. त्याचं वजन खडकावर आलं, शिवाय पाण्याचा दाब भेगांमधून खोलवर पोचला. त्यामुळे भेगेच्या दोन बाजूंची एकमेकींवरची पकड सैल होते आणि खडक सरकतो. पावसाळ्यात धरण भरल्यावर धक्के वाढतात, ते यामुळेच. पुढे वारणा जलाशय भरल्यावर त्या बाजूलाही धक्के सुरू झाले. याच अभ्यासासाठी गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आलं.

छोटे धक्के बसले म्हणजे मोठा टळला?

गावोगावी असं बोललं जातं, पण ते खरं नाही. तीव्रता एका अंकानं वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ६.३ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला ३.३ चे तीस हजारांवर धक्के लागतील.

मग आपल्या हातात काय?

भूकंप कधी होणार, हे आधी सांगता येत नाही. पण माणूस मरतो तो बहुतेक वेळा भिंत किंवा छप्पर अंगावर पडून. मातीत रचलेल्या दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे थर हादऱ्यानं सुटतात. घर बांधताना दोन्ही थर जोडणारे लांब दगड घाला, कोपरे एकमेकांत गुंफा आणि दारं-खिडक्यांच्या वर घराभोवती सळ्यांचा सलग काँक्रीट पट्टा फिरवा. पत्र्यावर दगड ठेवू नका, पत्रे हुकानं आवळा. जुन्या भिंतीला पोट आलं असेल, तर तिच्याखाली अंथरूण टाकू नका.