चाकांवरच्या घरात इस्त्री कुठे लावायची?

राहतं घर विकून किंवा भाड्याने देऊन बारा महिने मोटरहोममध्ये राहणाऱ्यांना अमेरिकेत ‘फुलटायमर’ म्हणतात. त्यांच्यात निवृत्त जोडपी बरीच असतात आणि त्यांच्या सामानात बरेचदा एक शिवणयंत्र असतं. त्यावर शिवल्या जातात क्विल्ट, म्हणजे आपल्या गोधडीच्याच बहिणी. वर तुकडे जोडून केलेला नक्षीचा थर, मध्ये कापसाची लादी, खाली अस्तर आणि तिन्ही थरांतून आरपार घातलेला धावदोरा. गोधडी जुन्या लुगड्यांतून होते, आजची अमेरिकन क्विल्ट मात्र बहुतेक वेळा नव्या, खास छापलेल्या सुती कापडाची असते. तिच्यात दोन तुकडे जोडले की शिवण दाबून सपाट करावी लागते, नाहीतर पुढचा चौकोन बसत नाही. म्हणजे दर थोड्या वेळाने इस्त्री हवी. फिरत्या घरात नेमकी तीच गोष्ट सगळ्यांत जड जाते. असं का होतं, ते समजून घेतलं की हे घर चालतं कसं, तेही उलगडतं.

या घरात ऊर्जा तीन वाटांनी येते. दिवे, पाण्याचा पंप, पंखे हे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. शेगडी, थंडीतली भट्टी आणि पुष्कळ गाड्यांमधला फ्रिज गॅसवर चालतो. एसी, मायक्रोवेव्ह आणि इस्त्रीला मात्र १२० व्होल्टची घरगुती वीज लागते. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेशेजारी एक खांब असतो, त्यात गाडीची जाडजूड केबल खोचायची. मध्यम गाड्यांचं कनेक्शन ३० अँपिअरचं असतं. ३० गुणिले १२०, म्हणजे ३६०० वॅट. एसीला साधारण दीड हजार, मायक्रोवेव्हला हजार ते दीड हजार, इस्त्रीला बाराशेच्या आसपास. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडतो आणि अख्खं घर अंधारात जातं. म्हणून ‘मी इस्त्री लावतेय, जेवण नंतर गरम कर’ हा संवाद या घरांत रोजचा. मोठ्या गाड्यांना ५० अँपिअरच्या दोन वाहिन्या मिळतात, एकूण १२ हजार वॅट. तिथे हा प्रश्न उरत नाही. पण अशा जागेचं भाडं जास्त आणि ती मिळण्याची खात्री कमी.

खांब नसलेल्या माळावर मुक्काम असेल तर सगळी भिस्त बॅटरीवर आणि छतावरच्या सोलर पॅनेलवर. १०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदोपत्री १२०० वॅट-तास असतात. जुन्या धाटणीची शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते, म्हणजे हाती ६००. बाराशे वॅटची इस्त्री सलग तापत राहिली तर अर्ध्या तासात हे सगळं गिळून टाकते. इस्त्रीचा थर्मोस्टॅट अधूनमधून बंद होतो म्हणून प्रत्यक्षात थोडं निभावतं, इतकंच. लिथियमच्या बॅटरीतून जवळजवळ सगळी वीज वापरता येते, त्यामुळे आता परवडणारे तिच्याकडे वळतात.

साध्या शिवणयंत्राला मात्र शंभर वॅटसुद्धा पुरतात. त्यामुळे कामाचे आपोआप दोन भाग पडतात. माळावर शिवायचं, शिवणी नखाने किंवा छोट्या लाकडी रुळाने दाबायच्या, आणि वीज मिळेल त्या मुक्कामी सगळ्या तुकड्यांवर एकदम इस्त्री फिरवायची. लांबच्या प्रवासात शेजारच्या सीटवर बसून करायचं काम तिसरंच. कागदी षट्कोनांवर कापड दुमडून हाताने शिवत जायचं, त्याला यंत्रही नको आणि इस्त्रीही नको. एकेक क्विल्ट अशी हजारो किलोमीटर रेंगाळते.

यंत्र कोणतं, यावर या मंडळींची ठाम मतं असतात. अनेकींची पसंती सिंगर कंपनीच्या ‘फेदरवेट २२१’ला. १९३३ मध्ये बाजारात आलेलं हे काळं यंत्र कित्येक दशकांपूर्वी बनायचं थांबलं, पण जुनी यंत्रं दुरुस्त करून आजही वापरतात. बांधणी ॲल्युमिनियमची, वजन जेमतेम पाच किलो, पुढची फळी दुमडते, टाका एकच: सरळ. जेवणाच्या टेबलावर मांडायचं आणि स्वयंपाकाआधी पेटीत ठेवायचं. फिरत्या घरात टेबल एकच असतं, हे लक्षात घेतलं की या यंत्राचं कौतुक कळतं.

वजनाचा मुद्दा नुसता यंत्रापुरता नाही. प्रत्येक गाडीवर एक पट्टी डकवलेली असते: गाडी आणि सामान मिळून कमाल भार किती, ते सांगणारी. तो ओलांडला की टायर तापतात, फुटतात, ब्रेक अपुरे पडतात. तीनशे लिटरची पाण्याची टाकी भरली की तीनशे किलो तिथेच गेले. क्विल्टचं सुती कापड मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोनशे मीटरचा साठा म्हणजे तीस किलो, आणि कापडाच्या नादिष्ट माणसाला दोनशे मीटर जमवायला वेळ लागत नाही. शहाणी माणसं सामान भरून झाल्यावर ट्रक थांबतात त्या ठिकाणच्या वजनकाट्यावर गाडी नेतात. पुढच्या आणि मागच्या आसावर किती भार, ते तिथे वेगवेगळं कळतं. मग पलंगाखालचे कप्पे रिकामे होतात. नवा कपडा आला की जुना गेला, हा नियम कपाटाला लागू होतो तसा कापडाच्या पेटीलाही. निदान लागू व्हावा अशी नवऱ्याची अपेक्षा असते.

आता पाणी. टाक्या तीन: स्वच्छ पाण्याची, आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि संडासाची. खांबाशेजारी सांडपाण्याचा नळ असेल तरी संडासाच्या टाकीची झडप कायम बंद ठेवायची, हे नवख्यांना पहिल्यांदा सांगतात. ती उघडी राहिली तर पाणी वाहून जातं आणि घन भाग तळाशी साचून घट्ट होतो. टाकी बऱ्यापैकी भरू द्यायची आणि मग एका झटक्यात सोडायची. आधी संडासाची, नंतर सांडपाण्याची, म्हणजे साबणाचं पाणी जाताना नळी धुऊन निघते. हातमोजे घालायचे, गप्पा मारायच्या नाहीत. माळावर आंघोळ म्हणजे अंग ओलं करून नळ बंद, साबण लावून पुन्हा नळ. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही.

पत्ता नसलेल्या माणसाचं सरकारदरबारी काय होतं? मतदान, वाहन परवाना, गाडीची नोंदणी, विमा, बँक, सगळ्यांना एक कायमचा पत्ता हवा. त्यासाठी फुलटायमर एखादं राज्य ‘आपलं’ म्हणून निवडतात. टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा ही नेहमीची तीन नावं, कारण या राज्यांत राज्याचा आयकर नाही आणि टपाल सांभाळून पुढे पाठवणाऱ्या सेवांची घडी तिथे बसलेली आहे. टपाल तिथे गोळा होतं, आणि तुम्ही सांगाल त्या गावच्या पोस्टात गठ्ठा येऊन पडतो. पाकिटावर तुमचं नाव, ‘जनरल डिलिव्हरी’ आणि गावाचा पिनकोड लिहिला की पोस्टमास्तर ते ठरावीक दिवस राखून ठेवतात. आरोग्यविम्याचं गणित याहून नाजूक. पासष्टीनंतर मिळणारा सरकारी मेडिकेअर मूळ स्वरूपात देशभर चालतो, तर त्याआधीचे खासगी विमे बरेचदा एका राज्यातल्या डॉक्टरांपुरते असतात. पासष्टी उलटलेल्यांना हे जीवन सोपं जातं, त्यातलं हे एक अगदी रूक्ष कारण.

वाट ठरवते ती थंडी. पारा शून्याखाली गेला की गाडीच्या पोटातले पाण्याचे पाइप गोठून फुटतात. म्हणून उन्हाळ्यात उत्तरेला मोंटाना-मिशिगनकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेला ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडाकडे. दिवसभराच्या प्रवासाला अनुभवी लोक दोनाचा पाढा लावतात: दिवसाला २०० मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी दोनच्या आत मुक्कामी, आणि एका जागी किमान दोन रात्री. अकरा मीटरची गाडी अंधारात, अनोळखी झाडांमधून, उलटी लावावी लागली की या नियमाचं मोल कळतं.

प्रेक्षणीय स्थळं पाहायला ही मोठी गाडी फारशी उपयोगाची नाही, हे ऐकून नवखे चकित होतात. राष्ट्रीय उद्यानांतले अनेक तळ जुने, छोट्या गाड्यांच्या काळातले. मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानात डोंगर ओलांडणाऱ्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या वरच्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मज्जाव आहे. म्हणून मोटरहोमवाले मागे एक छोटी मोटार ओढत नेतात, घर तळावर ठेवतात आणि मोटारीने हिंडतात. दुसरी सोय म्हणजे बासष्टी ओलांडलेल्यांना मिळणारा केंद्रीय उद्यानांचा आजीव पास. २०१७ पर्यंत तो १० डॉलरला होता, मग ८० झाला. प्रवेश फुकट, आणि पुष्कळ सरकारी तळांवर निम्मं भाडं. हा पास नागरिकांप्रमाणेच ग्रीन कार्डधारकांनाही मिळतो. मुलांकडे न्यू जर्सीत किंवा टेक्सासात कायम राहायला गेलेल्या आपल्या आई-वडिलांनी तो जरूर काढावा, मोटरहोम असो वा नसो.

शिवणाऱ्यांच्या वाटेवर आणखी काही गावं असतात. केंटकीतलं पदुका हे ओहायो आणि टेनेसी नद्यांच्या संगमावरचं गाव. तिथे १९९१ पासून राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय आहे. वसंतात इथे क्विल्टचा मोठा सप्ताह भरतो, तेव्हा गावात जागा मिळणं मुश्कील. २०१३ मध्ये युनेस्कोने हस्तकला आणि लोककलेसाठी या गावाला सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. पण माझं मत विचाराल तर वाट वाकडी करून जावं ते अलाबामातल्या जीज बेंडला. नदीच्या वळणात अडकलेल्या या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी घरातल्या फाटक्या कामाच्या कपड्यांतून, डेनिमच्या विजारींतून गोधड्या शिवल्या. थंडीपासून जीव वाचवायला. त्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या, आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. नव्या कापडाच्या आखीवरेखीव क्विल्ट पाहून आल्यावर या पाहाव्यात. रेषा तिरक्या आहेत आणि नजर हटत नाही.

हिवाळ्यात यांतले बरेच जण एका ठिकाणी उतरतात: ॲरिझोनातलं क्वार्टझसाइट. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, उन्हाळ्यात तापमान पंचेचाळीसच्या घरात. आजूबाजूची जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची. या खात्याच्या मोकळ्या जमिनीवर साधारणपणे १४ दिवस फुकट राहता येतं, मग हलावं लागतं. क्वार्टझसाइटजवळच्या ला पोसा तळावर मात्र १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा अख्खा हंगाम परवाना काढून राहता येतं. त्याचा दर कित्येक वर्षं १८० डॉलर होता. त्या पैशात पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची सोय मिळते. वीज नाही. गावात पाहायला दगड-खनिजांचे बाजार आहेत आणि हाय जॉलीची समाधी. हाय जॉली म्हणजे हाजी अली. १८५६ मध्ये अमेरिकी सैन्याच्या उंटांबरोबर आलेला हा उंटवाला १९०२ मध्ये इथे वारला. त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे आणि टोकावर तांब्याचा उंट.

मैत्री होते ती या वेळापत्रकामुळे. थंडी सगळ्यांना त्याच दिशेला ढकलते, त्यामुळे मार्चमध्ये निरोप घेतलेली माणसं नोव्हेंबरात त्याच बाभळीसारख्या झुडपांमागे पुन्हा भेटतात. निरोप घेताना ‘गुडबाय’ म्हणत नाहीत, ‘रस्त्यात भेटू’ म्हणतात, आणि भेटतातही. दुपारी चारच्या सुमाराला कुणीतरी घडीच्या खुर्च्या गोलात मांडतं, प्रत्येक जण आपापलं काहीतरी खायला घेऊन येतो. गाडीच्या दारावर अमेरिकेचा नकाशा चिकटवलेला असतो, मुक्काम झालेली राज्यं रंगवलेली. ओळख काढायला तेवढं पुरतं. शिवणाऱ्यांचं तर विचारूच नका. ज्यांच्या गाडीत जास्त सोलर आहे त्यांच्या दारात इस्त्रीसाठी रांग लागते, कापडाच्या चिंध्यांची देवाणघेवाण होते. फिरत्या घरात जागा नसल्यामुळे पुऱ्या झालेल्या क्विल्ट ठेवून घेता येत नाहीत. त्या दिल्या जातात: नातवाला, आजारी शेजारणीला, इस्पितळाला. घरात राहणाऱ्या क्विल्टवाल्यांची कपाटं बघता, ही मला त्यातली सगळ्यांत चांगली बाजू वाटते.

याच माळावर दुसरेही लोक राहतात, जे हौसेने आलेले नाहीत. घरभाडं परवडेना म्हणून व्हॅनमध्ये गेलेल्या ज्येष्ठांवर जेसिका ब्रूडर यांचं ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ मध्ये आलं, त्यावरच्या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळालं. ते गोदामांत आणि बीटच्या सुगीत हंगामी काम करतात. ‘फुलटायमर’ त्यांनाही म्हणतात. खांबाचं भाडं भरण्याजोगी मिळकत असलेल्यांनी लिहिलेली प्रवासवर्णनं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

आणि गाडी चालवणं झेपेनासं झालं की? बहुतेक जण मुलांजवळ एखादं छोटं घर घेतात. पण १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या जोडप्याने सुरू केलेल्या ‘एस्केपीज’ या फिरस्त्यांच्या क्लबने वेगळी वाट काढली. टेक्सासात लिव्हिंग्स्टनला त्यांचं मुख्यालय आहे आणि तिथेच ‘केअर’ नावाचं केंद्र. म्हातारे किंवा आजारी सभासद तिथे आपापल्या मोटरहोममध्येच राहतात. गाडी जागेवर उभी असते, वीज-पाणी जोडलेलं, जेवण केंद्रात मिळतं, डॉक्टरकडे नेण्या-आणण्याची सोय असते. खांब कायमचा असल्यामुळे इस्त्रीचा प्रश्न तिथे सुटतो.