पाणी काचेसारखं स्वच्छ, तरी नव्या फिश टँकमधले मासे का मरतात?

नवा टँक आणला, नळाचं पाणी भरलं, त्याच दिवशी मासे सोडले. आठवड्याभरात एकेक मासा उलटा तरंगायला लागतो आणि शिव्या खातो दुकानदार. पण बहुतेक वेळा गडबड पाण्यात असते.

नाशिकच्या नळाला मुख्यतः गंगापूर धरणाचं, क्लोरीन टाकून शुद्ध केलेलं पाणी येतं. आपल्याला ते सुरक्षित, पण क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात. म्हणून पाणी 24 तास उघड्या बादलीत ठेवा किंवा त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाका.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. माशांची घाण आणि उरलेलं खाद्य यातून विषारी अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे नसतात. ते वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

तोवर दोन-तीनच मासे ठेवा, खाद्य चिमूटभर द्या आणि आठवड्यातून दोनदा पाव टँक पाणी बदला. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या. नाहीतर जिवाणू मोरीत जातील आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर याल.