मुरमाच्या वाटा आणि द्राक्षांचे मळे

सायकल हें एके काळीं आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांचें हक्काचें वाहन होतें. कचेरींत जाणारे गृहस्थ, शाळेंत जाणारीं मुलें, भाजी आणावयास निघालेले काका, सर्वांची ती समान सेवा करी. आज तीच सायकल पुष्कळ घरांत जिन्याखालीं धूळ खात पडलेली आढळते. तिला कोणीं हांकलून लावलें, हें मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला घटकाभर उभें राहिलें असतां कोणालाही कळेल. बारा वर्षांच्या मुलाला किंवा साठी उलटलेल्या वडिलांना त्या प्रवाहांत सोडण्याचें धैर्य कोणाही सुज्ञ गृहिणीस होणार नाहीं, आणि न व्हावें हेंच योग्य.

वस्तुतः नाशिकचें नांव सायकलच्या क्षेत्रांत मोठें आहे. डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत जोडीनें नऊ दिवसांच्या आंत पूर्ण केली. परंतु असे पराक्रम थोड्यांच्याच हातून घडावयाचे. सकाळची निर्धास्त फेरी मात्र सर्वांच्या वांट्याला यावयास हवी. तशा फेरीची जागा आतां डांबरी सडकेवर उरलेली नाहीं. ती शिवारांतील मुरमाच्या वाटेवर आहे. ही वाट कशी असते, तेथें कसें वागावें, आणि ती टिकावी कीं नाहीं याचा निर्णय कोणीं करावयाचा, एवढ्याच गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे.

नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीचें उगमस्थान ब्रह्मगिरि, आणि उत्तरेस सप्तशृंगी, धोडप इत्यादि शिखरें मिरविणारी सातमाळ्याची रांग. ही सारी भूमि काळ्या अग्निजन्य खडकाची. ऊन, पाऊस व वारा यांच्या योगें तो खडक युगानुयुगें झिजून जो तांबूस, भुसभुशीत थर तयार होतो, तोच मुरूम. त्यावर पाणी सांचून राहत नाहीं. चाकांखालीं तो दाबला जाऊन घट्ट बसतो. द्राक्षवेलीलाही मुळांशीं पाणी तुंबलेलें खपत नाहीं. निचऱ्याची हलकी जमीन तिला मानवते. जी भूमि वेलीस प्रिय, तीच चाकासही प्रिय, असा हा योग आहे. म्हणूनच टेकड्यांच्या उतारावरील द्राक्षबागा आणि त्यांच्यामधून गेलेल्या पाणंदी यांची जोडी या भागांत ठिकठिकाणीं दृष्टीस पडते.

शहराच्या पश्चिमेस गोदावरीवर गंगापूरचें मातीचें धरण आहे; तें १९६५ सालीं पुरें झालें. त्याच्या आसपास गंगाव्हरे, सावरगांव, गिरणारे हीं गांवें. मुख्य सडकेवर रविवारीं मोटारींची रीघ लागलेली असते; पण सडक सोडून शिवारांत शिरलें कीं बैलगाडी, ट्रॅक्टर आणि शाळेला निघालेलीं मुलें यांच्यावांचून क्वचितच कोणी भेटतें. उत्तरेस दिंडोरीच्या वाटेवर रामशेजचा किल्ला आहे. संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत औरंगजेबाच्या सैन्यास वर्षानुवर्षें दाद न देणारा तो हाच. त्याच्या पायथ्याच्या आशेवाडीच्या आसमंतांत चढउतार पुष्कळ असल्यामुळें तरुणांनीं तिकडे जावें. ज्यांना सपाटी हवी त्यांनीं निफाड तालुक्याकडे वळावें. तेथें कालव्यांच्या कडेनें मातीचे रस्ते गेले आहेत. पाटबंधारे खात्याची मनाई नसेल तेथें त्यांवरून जाण्यासारखें दुसरें सुख नाहीं. वाटेंत नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय लागतो. २०२० सालीं रामसर कराराच्या यादींत आलेली महाराष्ट्रांतील ही पहिली पाणथळ जागा. हिंवाळ्यांत तेथें दूरदेशींचे पक्षी उतरतात. 

या द्राक्षांच्या संबंधांत आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत एक शंका येईल, तिचें निरसन येथेंच केलेलें बरें. नाशिकच्या बहुतेक बागा खाण्याच्या द्राक्षांच्या. तथापि १९९९ सालीं गंगापूर धरणाच्या परिसरांत ‘सुला’ची स्थापना झाली, २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, निफाड तालुक्यांत विंचूर येथें वाइन उद्यान निघालें, आणि शेनिन ब्लां, शिराझ अशीं परदेशी वाणें येथल्या मातींत रुजलीं. ‘मदिरेच्या मुलुखांत मुलांना कशाला न्यावयाचें?’ असें वडील मंडळी म्हणतील. त्यावर आमचें उत्तर एवढेंच कीं, वेलीच्या छायेंतून जाणाऱ्यास पेल्याचें बंधन नाहीं. द्राक्षासव आमच्या वैद्यांनाही ठाऊक होतें. पण प्रस्तुत फेरीला घरची दशमी आणि तांब्याभर पाणी पुरतें. उलट जो पेला घेईल त्यानें परतीच्या वाटेवर सायकलीस हात लावूं नये, हा नियम कडकपणें पाळावा.

आतां यंत्राविषयीं. खडीमुरमावर चालविण्यासाठीं हल्लीं ‘ग्रॅव्हल’ या नांवाच्या सायकली मोठ्या किंमतीस मिळतात. त्यांचें टायर साधारणतः ३५ ते ४५ मिलिमीटर रुंद असतें, आणि त्यांत हवा कांहींशी कमी ठेवितात, म्हणजे खडे लागले तरी हादरा बसत नाहीं. ही माहिती ऐकून तरुण मंडळी हुरळून जातात. पण आजोबांच्या काळ्या सायकलीस २८ बाय दीड इंचाचें टायर असे, आणि दीड इंच म्हणजे सुमारें ३८ मिलिमीटर! ती सायकल मुळांत कच्च्या रस्त्यांसाठींच होती. नव्या सायकलीस गिअर असल्यानें चढ सोपा जातो, एवढा लाभ खरा. परंतु चढावर उतरून चालत गेल्यानें कोणाची अब्रू जात नाहीं. उतारावर मात्र सावध असावें. सैल मुरमावर पुढचा ब्रेक एकदम दाबल्यास चाक घसरतें. दोन्ही ब्रेक हलके हलके लावीत उतरावें. पावसाळ्यांत सखल भागांतील काळी माती चाकाला लिंपून बसते, म्हणून आश्विनापासून माघापर्यंतचा काळ उत्तम.

नेमका हाच काळ बागाईतदाराच्या काळजीचा असतो, हें विसरतां कामा नये. एप्रिलांत खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशी वेलीची वर्षांतून दोनदां छाटणी होते. फळछाटणीनंतर अवेळीं पाऊस आला कीं केवडा व भुरी या रोगांची धास्ती, आणि मग फवारणीवर फवारणी. फवारा चालू असेल तेथें थांबावें, नाहींतर दुसरी वाट धरावी. घडाला हात तर मुळींच लावूं नये. याविषयीं एक मौजेची पण खरी हकीगत आहे. फ्रान्सांत बोर्दो प्रांतीं रस्त्यालगतच्या वेलींवरील द्राक्षें वाटसरू तोडीत, म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद व चुना यांचें निळसर मिश्रण शिंपडीत; विषाच्या भयानें कोणी हात लावीत नसे. इतर वेली केवड्यानें होरपळल्या असतां या रस्त्याकडच्या वेलीच हिरव्यागार राहिल्या, हें मिलार्दे नामक वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानीं आलें, आणि १८८५ सालीं त्यानें तो उपाय प्रसिद्ध केला. तेंच बोर्डो मिश्रण नाशिकच्या बागांतही चालतें. वाटसरूंच्या चोरट्या हातामुळें जगाला औषध मिळालें खरें. पण म्हणून आपण तो पाठ पुन्हा गिरविण्याचें कारण नाहीं.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो. आम्हांला मुरमाची वाट हवी. शेतकऱ्याला काय हवें? भरलेल्या क्रेटांचा ट्रॅक्टर खाचखळग्यांतून जातांना मणी दुखावतात, त्यांवरची पांढुरकी झाक पुसली जाते, आणि वर्षभराच्या श्रमाचा भाव क्षणांत उतरतो. पावसांत त्याच वाटेनें आजाऱ्यास दवाखान्यांत न्यावयाचें असतें. त्यानें डांबराची मागणी केली तर ‘आमची शांतता बिघडते’ असें म्हणण्याचा आम्हां शहरवासीयांना कोणता अधिकार? आठवड्यांतून एकदां येणाऱ्याच्या करमणुकीसाठीं रोज राहणाऱ्यानें चिखल तुडवावा, असें म्हणणें हें आमच्या मतें सरळ अन्यायाचें आहे.

परंतु याला दुसरी बाजूही आहे, आणि ती बागाईतदाराच्याच हिताची आहे. वाट डांबरी व रुंद झाली कीं शेतमालाबरोबर सहलीच्या मोटारीही तिच्यावर येतात. उलट मुरमाच्या वाटेवर मोटारींची वर्दळ वाढली, तर उडालेली धूळ शेजारच्या घडांवर बसते. सायकलीनें धूळ फारशी उडत नाहीं, आवाज होत नाहीं, आणि बैलही बुजत नाहीं. चिखल आणि डांबर यांच्यामध्यें एक तिसरा मार्ग आहे. खालीं खडी, वर चांगला दाबलेला मुरूम, दोहों बाजूंस चर आणि ओहोळावर मोरी, असा रस्ता बांधिला तर ट्रॅक्टरही जातो आणि सायकलही जाते. राज्य सरकारनें २०२१ सालीं मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पाणंद रस्ते योजना काढिली, तिचा हेतु शेतांपर्यंत असे बारमाही रस्ते नेण्याचाच आहे.

इटलींतील तस्कनी प्रांताचें उदाहरण येथें घेण्यासारखें आहे. तेथेंही टेकड्या, द्राक्षमळे आणि त्यांतून गेलेल्या पांढऱ्या खडीच्या वाटा. डांबराखालीं त्या एकेक करून नाहींशा होऊं लागल्या, तेव्हां १९९७ सालीं गायोले या गांवीं ‘लेरोइका’ नांवाची सायकलफेरी सुरू झाली. जुन्या सायकलींवर बसून अवघे ९२ स्वार निघाले. आज जगांतून हजारों लोक त्या फेरीसाठीं येतात, आणि ज्या वाटा मागासलेपणाचें लक्षण समजल्या जात, त्यांनाच प्रांताचें भूषण मानितात. वाट वापरांत राहिली म्हणून वांचली, हें यांतील सार.

आपल्याकडे वाटेला शत्रु दोन. एक डांबर, आणि दुसरा, त्याहून प्रबळ, शेजाऱ्याचा नांगर. दर वर्षीं वीतभर वाट आंत ओढीत गेल्यानें कैक पाणंदी केवळ कागदावर उरल्या आहेत. गांवच्या नकाशांत दुहेरी तुटक रेषेनें गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषेनें पायमार्ग दाखविलेला असतो. वहिवाटीच्या रस्त्यास कोणी अडथळा केला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वयें तहसीलदाराकडे दाद मागतां येते. बांधावरून वाट मिळण्याचा प्रश्न १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणें सुटतो. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या वडिलोपार्जित जमिनी अद्यापि गांवीं आहेत. त्यांनीं प्रथम आपल्याच बांधालगतची वाट नकाशाशीं ताडून पाहावी, आणि ती आंत आली असेल तर न सांगतां मोकळी करून द्यावी. ग्रामसभेंत पाणंदीचा विषय निघेल तेव्हां तिकडे पाठ फिरवूं नये; कारण निर्णय करण्याचा अधिकार तिचाच आहे, सायकलस्वारांचा नव्हे.

ज्या वाटेवरून नातू, आजोबा आणि बैल हे तिघेही कोणास न भितां जाऊं शकतात, अशी वाट ज्या गांवाजवळ आहे तें गांव भाग्यवान समजावें. नाशिकला तें भाग्य अद्यापि आहे. तेव्हां जिन्याखालची सायकल बाहेर काढावी, साखळीला तेल घालावें, आणि येत्या हिंवाळ्यांत घरांतील लहानथोरांसह शिवाराकडे निघावें. वाटेंत शेतकरी भेटला तर उतरून रामराम करावा, आणि पुढें जाण्याची परवानगी विचारावी. वाट त्याची आहे. आपण पाहुणे आहों.