आवाज सिनेमाचा हवा, पंख्याचा नको!

जुना संगणक टीव्हीला जोडून सिनेमे पाहण्याची युक्ती पुष्कळ घरांत होते. आमच्याकडेही झाली. पण दोन खोल्यांचे घर. रात्री टीव्ही हळू केला की संगणकातल्या पंख्याची घरघर ऐकू यायची आणि पलीकडे आईची झोपमोड व्हायची.

मग नवा टीव्हीच घ्यायचा का? मुळीच नाही. टीव्हीला एचडीएमआयची खाच असेल आणि घरात वाय-फाय असेल, तर बोटभर लांबीची स्ट्रीमिंग स्टिक पुरते. फायर टीव्ही स्टिकसारख्या उपकरणात पंखाच नसतो, मग घरघर कुठली? टीव्ही फुल एचडी असेल, तर ४के चित्रासाठी जादा पैसे मोजू नका. ते पडद्यावर उतरणारच नाही. मात्र लग्नाचे चित्रीकरण पेनड्राइव्हवर असेल, तर यूएसबीची सोय असलेला छोटा बॉक्स बरा.

बाजारात निनावी अँड्रॉइड बॉक्स आणखी स्वस्त मिळतात. त्या मोहात पडू नका. अशा काही बॉक्समध्ये विक्रीपूर्वीच घातक सॉफ्टवेअर घातलेले असते, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये दिला होता. शिवाय त्यांतल्या अनेकांना ओटीटी कंपन्यांची मान्यता नसते. वर्गणी भरूनही चित्र पुसटच दिसते.

आणि हो, स्टिकला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका. ती बहुधा अपुरी पडते आणि ऐन रंगात आलेला सिनेमा बंद पडतो. सोबत आलेला अडॅप्टरच भिंतीवरच्या प्लगला लावा.