गैरसमजांची जन्मतारीख

परक्या समाजाविषयी माणसाला जे ठाऊक असते, त्यातले फार थोडे त्याने स्वतः पाहिलेले असते. बाकीचे त्याला घरातून, पाठ्यपुस्तकांतून, चित्रपटांतून आणि हल्ली मोबाइलवरून आयते मिळते. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात अशा आयत्या चित्रांची चिकित्सा केली आणि पाहण्याआधीच मत ठरवून टाकण्याची ही सवय समाजशास्त्रीय चर्चेचा विषय झाली. मराठीत तिला ‘ठोकळेबाज समज’ म्हणता येईल. एखाद्या समूहातील काहींमध्ये, काही काळापुरते दिसलेले लक्षण उचलून ते साऱ्या समूहाला कायमचे चिकटवणे, हे तिचे स्वरूप होय. असे समज निव्वळ अज्ञानातून जन्मतात आणि शेजार वाढला, माहिती वाढली की गळून पडतात, असे सहसा मानले जाते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, आणि त्याच्या भोवतीचा मराठवाडा यांचा इतिहास मात्र याला दुजोरा देत नाही. येथे हबशी, तुर्क, मराठे, बंजारा शतकानुशतके एकमेकांच्या नजरेसमोर राहिले, तरीही समज टिकले. त्यांचा माग काढत गेल्यास असे दिसते की यांतील अनेक समजांना जन्मतारीख असते आणि त्या तारखेला त्यांचा कोणाला ना कोणाला उपयोग होत असतो.

पैठणचा संवाद

या विषयावरील मराठीतील सर्वांत जुन्या आणि मार्मिक रचनांपैकी एक याच जिल्ह्यात जन्मली. पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३–१५९९) ‘हिंदू-तुर्क संवाद’ या भारुडात दोन माणसांना समोरासमोर उभे केले आहे. तुर्क हिंदूच्या मूर्तिपूजेची, सोवळ्याओवळ्याची, स्नानाची आणि पुराणातील देवकथांची टर उडवतो. हिंदू त्याला विचारतो की ईश्वर सर्वत्र असेल तर नमाज एकाच दिशेला तोंड करून का, आणि जीव घेण्यात पुण्य कसले. एकनाथांची दृष्टी अशी की यांपैकी कोणीही धादांत खोटे बोलत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या जगण्यातला एक खराखुरा तपशील उचलतो, त्यामागचा अर्थ गाळतो आणि उरलेले हास्यास्पद करून मांडतो. स्वतःचे आचार मात्र त्याला इतके स्वाभाविक वाटतात की त्यांचेही कोणाला हसू येऊ शकेल हे त्याच्या मनातही येत नाही. या वृत्तीला समाजशास्त्रात ‘स्वसंस्कृतिकेंद्रितता’ म्हणतात, म्हणजे आपल्या रीतीभातींना मोजपट्टी मानून इतरांना मापणे. ही संज्ञा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांच्या १९०६ मधील लेखनाने रूढ झाली. त्या वृत्तीचे दर्शन एकनाथांनी त्याच्या तीन शतके आधी घडवले होते.

भारुडाच्या शेवटी दोघे वाद मिटवून एकमेकांना आलिंगन देतात, आणि हा शेवट केवळ उपदेशासाठी जोडलेला नाही. परंपरेनुसार एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमान राजवटीचे अधिकारी होते, त्यामुळे परधर्मीयांशी रोजचा व्यवहार एकनाथांनी जवळून पाहिला होता. त्यांनी भांडण लपवले नाही, ते पूर्ण होऊ दिले. कारण शेजाऱ्याविषयी मनात काय आहे हे बोलून दाखवल्याशिवाय ते तपासताही येत नाही.

खडकीचा हबशी संस्थापक

शहराचा इतिहास ज्या माणसापासून सुरू होतो, त्याच्याविषयीचे समज याहून विलक्षण आहेत. मलिक अंबर हा सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान आणि बगदाद या मार्गाने दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याच्या पदरी पडला. हा चंगेझखान स्वतःही हबशीच होता. अंबर पुढे निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवले आणि मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून भडकल दरवाजा उभारला. हेच खडकी पुढे औरंगाबाद झाले.

‘आफ्रिकी गुलाम’ म्हटले की आजच्या वाचकापुढे साखळदंडात बांधलेला, अमेरिकेतील कापसाच्या मळ्यावर राबणारा माणूस उभा राहतो. हे चित्र अटलांटिक महासागरापलीकडच्या गुलामगिरीचे आहे आणि तेथे ते खरेही आहे. दख्खनमध्ये मात्र ती संस्था वेगळी होती. येथे लष्करी गुलामगिरीची रीत होती, म्हणजे विकत घेतलेल्या तरुणाला शस्त्रविद्या व कारभार शिकवून सरदाराच्या पदरी ठेवले जाई, धन्याच्या पश्चात तो बहुधा मुक्त होई आणि स्वतःचे पथकही उभारू शके. गुलामगिरीचे दुःख त्यामुळे कमी होत नाही, कारण मूल आईबापांपासून तोडूनच बाजारात आलेले असे. पण एका खंडातील चित्र दुसऱ्यावर डकवले की खडकीचा संस्थापक कळेनासा होतो. शहराला पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी त्यानेच बांधवली. डोंगरातील झऱ्यांचे पाणी भुयारी मार्गाने केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारी आणि हवा व दुरुस्तीसाठी ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवलेली ही योजना होती. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी लढले. शरीफजी तेथेच कामी आले.

याच माणसाचे मोगल दरबारातील चित्र पाहण्याजोगे आहे. चित्रकार अबुल हसन याने सुमारे १६१६ मध्ये काढलेल्या एका लघुचित्रात बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर लावलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. मस्तकापाशी अशुभाचे चिन्ह म्हणून घुबड रंगवले आहे. प्रत्यक्षात अंबर तेव्हा जिवंत होता, मोगल फौजांना गनिमी काव्याने जेरीस आणत होता आणि पुढे १६२६ मध्ये वार्धक्याने वारला. आत्मचरित्रातही जहांगीर त्याचा उल्लेख त्याच्या काळ्या वर्णावरून हिणवूनच करतो. रणांगणावर जे साधले नाही ते कागदावर साधण्याची ही धडपड होती आणि वर्णावरील टोमणे तिचे हत्यार होते. अंबर मरण पावून त्याची भीती सरल्यावर मोगल इतिहासकार मुतमदखान याने मात्र त्याच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मोकळ्या मनाने प्रशंसा लिहून ठेवली. माहिती दोघांपाशी सारखीच होती, बदलली होती ती गरज.

रसद पुरवणारे संशयित कसे झाले

समजाची जन्मतारीख सर्वांत स्पष्ट सांगता येते ती बंजारा समाजाच्या बाबतीत. सतराव्या शतकात भारतभर फिरलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांच्या त्यांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. गहू, तांदूळ, डाळी आणि मीठ अशा एकेका मालाची वाहतूक एकेका गटाकडे असे आणि बायकामुलांसह सारे कुटुंब वाटेवरच संसार करी, असे तो नोंदवतो. मोगल फौजा दख्खनमध्ये तगल्या त्यात या रसदीचा मोठा वाटा होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मराठ्यांचा पराभव करणाऱ्या आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीचीही धान्यासाठी मदार बंजाऱ्यांवरच होती.

त्यानंतर ६८ वर्षांनी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा जसा सुतार होतो तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होतो, असा युक्तिवाद त्याच्या समर्थनार्थ झाला, म्हणजे जातिव्यवस्थेविषयीचा एक अर्धवट समज कायद्याच्या भाषेत उतरला. मधल्या काळात रेल्वे आली, मीठ सरकारी नियंत्रणाखाली व जबर कराखाली गेले आणि बैलांवरची वाहतूक बसली. धंदा गेलेला, पण फिरस्ती न सुटलेला माणूस सारा आणि हिशेब यांवर चालणाऱ्या राज्यकर्त्याला नकोसा झाला, कारण त्याच्या नावे जमीन नव्हती आणि त्याला ठरलेला पत्ता नव्हता. वातावरण आधीच तयार होते. निजामाच्या नोकरीत असलेल्या आणि पुढे नळदुर्गचा कारभार पाहिलेल्या फिलिप मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये इंग्लंडात गाजली होती, आणि हिंदुस्थानातील वाटसरू म्हणजे गळा आवळणारा ठग हे चित्र तेथील वाचकांच्या मनात घट्ट बसले होते.

कायद्याखाली नोंद झालेल्या जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे; सोलापूरला तर काटेरी तारांच्या आत त्यांची वसाहतच होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत कैकाडी, वडार, बेरड, रामोशी यांच्याबरोबर बंजाराही आहेत. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. समाज एक आणि सरकारी ओळखी तीन, त्यामुळे अशा वर्गवाऱ्या रक्तात नसून कागदावर असतात, याचा निराळा पुरावा शोधण्याची गरज उरत नाही.

समज नेहमी निंदेचाच असतो असेही नाही. आरसे जडवलेली कांचळी, घेरदार फेटिया आणि हातभर बलिया घातलेली नाचणारी बंजारा स्त्री हे पर्यटनाच्या पत्रकावरचे आवडते चित्र आहे. कन्नड-सोयगावकडच्या तांड्यांत हा पोशाख आता बहुतेक वयस्क स्त्रियांच्या अंगावर किंवा तीज आणि लग्नकार्यात दिसतो. एरवी त्या साडी नेसतात आणि हंगामात अनेक कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. याच समाजातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ही गोष्ट त्या पत्रकात कुठेच बसत नाही.

शेजारचा मोहल्ला

शहरातील मुसलमानांविषयीचे समजही असेच तपासण्याजोगे आहेत. ते सारे बाहेरून आले, सारे एकसारखे जगतात आणि सारे उर्दू बोलतात, ही त्यांतली नेहमीची विधाने होत. प्रत्यक्षात येथील घराघरांतली बोली दखनी आहे. ती चौदाव्या शतकापासून याच भूमीत घडली आणि ‘नको’सारखे शब्द व ठासून सांगण्याचा ‘च’ तिने मराठीकडून घेतला. हिंदी चित्रपटांनी तिला विनोदी पात्रांची बोली करून टाकले. पण औरंगाबादचा कवी वली (१६६७–१७०७) याचा दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, दिल्लीला पोहोचला तेव्हा तेथील फारसीत लिहिणारे कवी आपल्या बोलीत गझल लिहू लागले. उर्दू काव्याला वळण लावणारी ही भाषा हसण्याचा विषय झाली ती विसाव्या शतकात, पडद्यावर.

खेड्यांत चित्र आणखी वेगळे आहे. मराठवाड्यातील तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, शिकलगार ही मंडळी व्यवसायावरून ओळखली जातात, गावात मराठी बोलतात, आणि मुलाणी हा तर गावगाड्यातला हक्कदार. बहुपत्नीत्व मुसलमानांतच असते, हा समजही तसाच. १९६१ च्या जनगणनेला जोडून झालेल्या पाहणीत हे प्रमाण हिंदूंमध्ये ५.८ टक्के आणि मुसलमानांमध्ये ५.७ टक्के आढळले होते. आकडे जुने असले, तरी हा समज तेव्हाही आजइतकाच ठाम होता.

शहराची ओळख मानला जाणारा नान-खलियाही या संदर्भात पाहता येतो. तांबूस तर्रीच्या मटणाच्या रश्शाबरोबर खाल्ली जाणारी ही नान भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजतात. तिच्यावर हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेला असल्यामुळे तिला पिवळसर झाक येते. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा लष्कराच्या सामुदायिक जेवणातून हा प्रकार आला, अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे काही असो, मुळात हा लग्नकार्यातल्या पंगतीचा बेत आहे. पाहुण्याला तो मेजवानीत मिळतो म्हणून यजमान रोज तेच जेवतो असे मानणे, हे पुरणपोळी पाहून मराठी घरात रोज सण असतो असे समजण्यासारखे होईल. रोजच्या ताटात येथेही ज्वारीची भाकरी, डाळ आणि भाजीच असते.

दुरुस्ती कोणी केली

या समजांना सर्वांत मोठा धक्का ज्यांच्याविषयी बोलले जात होते त्यांनीच दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्या परिसरात शिकलेल्या-शिकवलेल्या पिढीने, विशेषतः गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने, दलित लेखनाला हक्काचे व्यासपीठ दिले. त्याच सुमारास मराठीत आत्मकथने येऊ लागली. कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला (१९८०) आणि लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला (१९८७) साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांची नोंद तोवर पोलिसांच्या वहीत किंवा इंग्रज अधिकाऱ्यांच्या गॅझेटियरमध्ये होई, त्यांच्या घरातील चूल, उपास आणि मुलांच्या शाळेची ओढ वाचकाला प्रथमच आतून दिसली.

तरीही काम संपलेले नाही. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे उलटल्यावर, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, तुरुंगांच्या नियमावल्यांमधील जातीवर आधारलेली कामवाटणी आणि विमुक्त जमातींकडे जन्मजात संशयाने पाहणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाला घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या. समज एकदा नियमपुस्तकात शिरला की त्याला जन्म देणारी राजवट गेली तरी तो मागे राहतो, हा यातला धडा आहे. म्हणून एखाद्या समाजाविषयी ‘ते लोक असेच असतात’ हे वाक्य कानावर येताच ते केव्हापासून म्हटले जाऊ लागले आणि त्यात कोणाची सोय होती, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यायला हवी. शहरातून वेरूळला जाणाऱ्या शाळांच्या सहली दौलताबाद आणि खुलताबाद ओलांडूनच पुढे जातात. शिक्षकांनी त्या वाटेवर खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीपाशी मुलांना थोडा वेळ उतरवावे आणि हे शहर कोणी वसवले ते तेथेच सांगावे. त्यासाठी वेगळा खर्च किंवा वेगळा दिवस लागत नाही.