पांढरा ससा, तपकिरी जमीन

लहानपणीच्या गोष्टीतला ससा आठवतो ना? अंगावर पान पडलं तर आभाळच पडलं म्हणून पळत सुटणारा! ससा म्हणजे भित्रा, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. यंदा सेमिनारसाठी उत्तर अमेरिकेतल्या स्नोशू सशाबद्दल वाचलं आणि कळलं, की त्याची अडचण नेमकी उलटी आहे. पळायला हवं तेव्हा तो बसून राहतो.

अलास्का, कॅनडा आणि रॉकी पर्वतातल्या थंड सूचिपर्णी जंगलांत हा ससा राहतो. वजन जेमतेम दीड किलो. मागचे पाय मात्र लांबरुंद आणि केसाळ, त्यामुळे भुसभुशीत बर्फात तो रुतत नाही. तिकडची माणसं बर्फात चालताना पायाला रुंद जाळी बांधतात, तिला स्नोशू म्हणतात. त्यावरून हे नाव. लिंक्स नावाचं रानमांजर तर मुख्यतः याच सशांवर जगतं. ससे वाढले की लिंक्स वाढतात, ससे घटले की मागोमाग तेही घटतात. हे चक्र साधारण दहा वर्षांचं असतं.

एवढे शत्रू असताना सशाचा मोठा आधार म्हणजे रंग. उन्हाळ्यात तो तपकिरी असतो. हिवाळ्याच्या तोंडाशी ते केस गळून पांढरे येतात आणि बर्फात तो दिसेनासा होतो. पण अंग पांढरं करायची वेळ त्याला बर्फ सांगत नाही, दिवसाची लांबी सांगते. दिवस लहान होऊ लागले की डोळ्यांवाटे मेंदूला खूण मिळते, मेलाटोनिनचं प्रमाण बदलतं आणि नवे केस फुटू लागतात.

इथे मला खानापूरकडचे आमचे आजोबा आठवले. मृग नक्षत्र दरवर्षी ७ जूनच्या सुमारास लागतं. पाऊस मात्र त्याच दिवशी येईल असं नाही. आजोबा आभाळाकडे बघून पेरणी चार दिवस पुढे ढकलायचे. सशाला तसं थांबता येत नाही. हवामान तापतंय, बर्फ उशिरा पडतो, लवकर वितळतो; सशाचं पंचांग मात्र जुनंच. मग तपकिरी पाचोळ्यावर पांढराशुभ्र ससा, आणि आपण लपलोय अशा समजुतीत तो निवांत बसलेला!

याची किंमत किती? मार्केटा झिमोवा, स्कॉट मिल्स आणि सहकाऱ्यांनी माँटाना राज्यात सशांना रेडिओ पट्टे बांधून ती मोजली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, रंग जुळला नाही तर आठवडाभर जगण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांपर्यंत घटते. आठवड्याला एवढी घट म्हणजे काही थोडी नव्हे.

आशेला जागा आहे. प्रशांत महासागराजवळ, जिथे बर्फ कमी पडतो, तिथे काही स्नोशू ससे हिवाळ्यातही तपकिरीच राहतात. हा गुण त्यांच्याकडे पूर्वी कधीतरी जॅकरॅबिट या दुसऱ्या जातीच्या सशांशी झालेल्या संकरातून आला, असं २०१८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. तपकिरी आणि पांढरे दोन्ही ससे आढळतात अशी जंगलं म्हणूनच जपायला हवीत. बदलत्या हिवाळ्यात तगून राहणारी पिढी तिथूनच येऊ शकते. पण त्यासाठी ससे पुरेसे उरायला हवेत आणि वेळही मिळायला हवा.

गोष्टीतल्या सशाला मी खूप हसले होते. आभाळ पडलं नव्हतं, तरी तो पळाला. या सशाचं आभाळ खरंच बदललंय, आणि तो जागचा हलत नाही.